कुटुंब निवृत्तीवेतन : उपकार नव्हे, हक्क

नोकरीत असलेला माणूस अचानक गेला की महिन्या-दोन महिन्यांनी त्याची पत्नी कार्यालयाच्या दारात उभी राहते आणि विचारते, "साहेब, आम्हाला काही मिळेल का हो?" त्या 'काही'मधली अजिजी मला खटकते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात स्पष्ट सांगितलं, की पेन्शन ही सरकारची बक्षिसी नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. म्हणूनच तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

साधारण दर आहे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के. मूळ वेतन ४०,००० असेल तर १२,००० आणि त्यावर महागाई वाढ. सुरुवातीची काही वर्षं दर जास्त असतो. घर चालतं, पण तारेवरची कसरत करूनच.

आता एक मोठा गैरसमज. भविष्य निर्वाह निधीला ज्याचं नाव लावलं, त्यालाच पेन्शनही मिळणार असं अनेक घरांत धरून चालतात. तसं नाही. कुटुंब निवृत्तीवेतन कुणाला मिळणार हे नियम ठरवतात: आधी पती किंवा पत्नी, मग मुलं. व्हायोलेट आयझॅक प्रकरणात (१९९१) रेल्वे कर्मचाऱ्याने भावाच्या नावे मृत्युपत्र केलं होतं. न्यायालय म्हणालं, ही पेन्शन त्याची मालमत्ताच नाही, ती मृत्युपत्राने देता येणार नाही. दीर-भावजयीच्या भांडणात हे माहीत असलेलं बरं!

आपल्याकडे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या घरची गोष्ट वेगळी. जुनी पेन्शन नाही, म्हणून ऐन तारुण्यात गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरी फारसं काही यायचं नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनाने नव्या योजनेतल्या, सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनाही कुटुंब निवृत्तीवेतनाचा लाभ दिला. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं.

मला न पटणारा नियम पुनर्विवाहाचा. केंद्राच्या नियमांत मूल नसलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं आणि तिचं इतर उत्पन्न मर्यादेत असेल, तर पेन्शन चालू राहते. मूल असलेल्या विधवेची मात्र बंद होऊन मुलाच्या नावे जाते, आणि तेही पंचविशीपर्यंत, किंवा त्याआधी ते कमवायला लागलं वा त्याचं लग्न झालं तर तोवरच. (स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर मिळते, हे चांगलं.) म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या आईने लग्नाचा विचार केला की आधी हिशोब मांडायचा. मोबदला नवऱ्याच्या नोकरीचा असेल, तर त्याचा तिच्या कुंकवाशी संबंध कशाला? आपण वर्गात महर्षी कर्व्यांचा धडा शिकवतो आणि नियम मात्र तिथेच अडकलेला!

नियम बदलायचा तेव्हा बदलेल. तोवर सेवापुस्तकातलं कुटुंबाच्या तपशिलाचं पान काढून बघा. लग्नानंतरचं नाव, नंतर जन्मलेलं मूल, जन्मतारखा, सगळं आधार आणि बँकेच्या पासबुकाशी जुळतंय का? नसेल तर आजच अर्ज द्या, पोच घ्या, आणि ती पोच घरात कुठे ठेवली ते बायकोला किंवा नवऱ्याला दाखवून ठेवा.