पडवींतला लेथ

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें मागच्या पडवींत एक छोटा लेथ आणून बसविला. एकत्र कुटुंबांत अशा पाहुण्याचें स्वागत कसें होतें, तें सांगणें नलगे! पहिल्याच पोलादी तुकड्यावर यंत्र असें किंचाळलें, कीं वहिनी देवघरांतून उठून आल्या. स्वारीनें दोष यंत्राच्या माथीं मारला. "काका, साधीं बॉल-बेअरिंगें आहेत; टेपर-रोलर घालूं या," असें म्हणून पैशांची मागणीही झाली.

माझें आयुष्य कारखान्यांत गेलेलें. म्हटलें, "आधीं तुकड्याचें तोंड तासून दाखव." मध्यभागीं मोहरीएवढा उंचवटा उरला, म्हणजे हत्याराची धार मध्यरेषेच्या खालीं होती. हॅकसॉच्या मोडक्या पात्याचा तुकडा हत्याराखालीं सरकविला, फार बाहेर आलेलें हत्यार आंत घेतलें, क्रॉस-स्लाइडची ढिली गिब आवळली. २५ मिलिमीटर व्यासाच्या तुकड्याला साध्या हायस्पीड हत्यारानें मिनिटाला ९०० फेरे चालले होते, ते ३०० वर आणिले. किंचाळणें थांबलें, कीस सुरळीत निघूं लागला. बेअरिंगें बदलूं नयेत असें नव्हे. पण दोष यंत्राचा कीं हाताचा, हें त्याला अजून कळत नव्हतें.

मला धडकी भरली ती निराळ्याच गोष्टीची. चकाची चावी चकांतच ठेवून तो स्विचाकडे वळला, आणि दाराशीं घरांतलीं पोरें डोकावत होतीं! यंत्र फिरतांच ती चावी कोणाच्या कपाळीं बसली असती, याचा नेम नाहीं. मीं हात धरला.

चावी हातावेगळी न करण्याची संवय महिनाभर टिकूं दे. बेअरिंगांचे पैसे तोंवर माझ्याच पेटींत आहेत.