मांडीवरचे पुस्तक

‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ ही तक्रार मराठी मध्यमवर्गाच्या नित्यपाठातली झाली आहे. पूर्वी दोष दूरदर्शनला दिला जाई, आता तो मोबाइलला दिला जातो. या तक्रारीत एक गृहीत दडलेले असते. वाचन म्हणजे मुलाच्या आवडीनिवडीचा प्रश्न, असे ते गृहीत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मूल अक्षर ओळखू लागते तेव्हा वाचनाला प्रारंभ होत नसतो. तो त्याच्या दोन-तीन वर्षे आधी, कोणा मोठ्या माणसाच्या मांडीवर झालेला असतो. ती मांडी संध्याकाळी मोकळी असणे हा रुचीचा नव्हे, अर्थव्यवस्थेचा प्रश्न आहे.

तीन वर्षांच्या मुलाला पुस्तक वाचून दाखवणे म्हणजे नेमके काय घडते? मूल चित्रावर बोट ठेवते, नाव विचारते, तेच पान दहादा उलटायला लावते. आई किंवा आजोबा एखादा शब्द गाळून पुढे गेले तर ते अडवते. कागदावरच्या काळ्या खुणा बोलतात, आणि उद्या पुन्हा तेच बोलतात, हा शोध त्याला याच वयात लागतो. घरच्या बोलीखेरीज पुस्तकाची म्हणून एक भाषा असते, तिचाही कानाला सराव होतो. हे भांडवल घेऊन पहिलीत बसणारे मूल आणि पहिलीतच प्रथम पुस्तक हाती धरणारे मूल यांना एकाच बाकावर बसवून ‘संधी समान आहे’ असे म्हणणे ही आत्मवंचना होय.

या व्यवहाराला तीन गोष्टी लागतात : पुस्तक, वाचणारे माणूस आणि वेळ. पहिल्या दोन बाबतींत नगर जिल्ह्याची परंपरा दरिद्री नाही. जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. मिस फॅरार यांची नगरची मुलींची शाळा १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात आपली शाळा काढली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचे पहिले धडे घरातच झाले होते. रेव्हरंड टिळकांबरोबर नगरात अनेक वर्षे राहिलेल्या लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. तरी त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी गद्याचे लेणे ठरली. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्राने १९६७ साली केला. आज माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेची, लहानग्यांच्या रोजच्या जगण्यातून उगवलेली चित्रपुस्तकेही मराठीत आहेत. पुस्तके आहेत, वाचू शकणाऱ्या आया पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. नाही तो वेळ. आणि त्याची वाटणी जमिनीच्या आणि पाण्याच्या वाटणीइतकीच विषम आहे.

ही विषमता डोळ्यांनी पाहायची तर याच जिल्ह्यात पाहावी. उत्तरेकडे प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभारला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके मात्र कोरडेच राहिले. तिथली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन बाहेर पडतात, ती उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हिशेबाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. बाई पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, आणि वाहन रात्री आले तर रात्रीच मोळ्या वाहून ते भरते. तिचे तीन वर्षांचे मूल फडाच्या कडेला वाढ्यावर निजते. त्याहून मोठी बहीण असली तर तिची शाळा सुटते, ती त्याची आई होते. या बाईला ‘मुलाला रोज अर्धा तास वाचून दाखवा’ असा उपदेश करण्याचे धाडस कोणी करू नये.

कायद्यानेही या वयाकडे पाठ फिरवली आहे. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा विचार होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला मूलभूत हक्क मिळाला, आणि सहाच्या आतली मुले मार्गदर्शक तत्त्वांच्या रकान्यात राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हटले. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्ती केली होती, १९७६ मध्ये त्यासाठीची किमान संख्या खाली आणून ती अधिक व्यापकही केली. पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आत. ज्या बाईने तोडलेल्या उसावर गव्हाण चालते, ती फाटकाबाहेरची. १९७५ पासून अंगणवाडी आहे. पण मुलाचे नाव गावच्या पटावर असते आणि मूल दोनशे किलोमीटरवरच्या कोपीत.

‘आधी भाकरी, मग पुस्तक’ असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. तो वरवर क्रांतिकारक वाटतो, परंतु कामगार चळवळीच्या इतिहासाशी विसंगत आहे. आठ तासांच्या दिवसाची मागणी ही केवळ विश्रांतीची मागणी नव्हती. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे, असा तिचा अर्थ होता. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तल्या आठवणी रात्री सांगितल्या जातात, हेही अर्थपूर्ण आहे : सांगायला आणि ऐकायला दिवस संपावा लागतो. फडातल्या माणसांचा दिवस संपत नाही. जात्यावरची ओवी रचणाऱ्या समाजाला शब्दांचे दारिद्र्य कधीच नव्हते. दारिद्र्य आहे ते उसंतीचे, आणि ते लादलेले आहे.

तेव्हा मागण्याही त्या दिशेने हव्यात. हंगामात अंगणवाडी कुटुंबांबरोबर फडावर आली पाहिजे, आणि तिच्या सेविकेचे मानधन व चित्रपुस्तकांची पेटी यांचा भार साखर कारखान्यांनी उचलला पाहिजे. रात्रीच्या भरणीला मर्यादा हवी; ठरावीक वेळेनंतर भरलेल्या वाहनाला वेगळा, वाढीव दर हवा, म्हणजे ती टाळण्यात कारखान्याचेही हित राहील. अनुदानित ग्रंथालयाने लहान मुलांसाठी खाली बसून चाळता येईल अशी एक मांडणी ठेवली नाही, तर त्याला जाब विचारला गेला पाहिजे.

याबरोबर कार्यकर्त्याने एक काम स्वतःच्या घरातही करायचे आहे. रात्री दहापर्यंत सभेत शोषणावर बोलून तो घरी येतो तेव्हा मूल झोपलेले असते, आणि त्याला जवळ घेऊन बसण्याचे काम बिनबोभाट बायकोवर पडलेले असते. बाईच्या बिनमोल श्रमाचा हिशेब मांडणाऱ्या चळवळीला हे शोभत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सभा लवकर संपवल्याने लढा मागे पडणार नाही. निरक्षर आईबापांनाही यातून वगळण्याचे कारण नाही. चित्राच्या पुस्तकाला अक्षरओळख लागत नाही, चित्रावरून गोष्ट सांगणाराही मुलाला वाचनाकडेच नेत असतो.

पुढच्या हंगामाच्या उचली वाटल्या जातील तेव्हा दरवाढीच्या वाटाघाटी होतील, आणि त्या झाल्याच पाहिजेत. मात्र मागण्यांच्या यादीत टनामागच्या दराखाली सहाच्या आतल्या मुलांचे एक कलम या वेळी लिहिले जावे. जी मुले त्या कोणत्याही बैठकीला येऊ शकत नाहीत, त्यांच्या वतीने ते लिहिण्याचे काम संघटनेखेरीज दुसरे कोणी करणार नाही.