साडेपाच ते साडेसहा

दोन महिन्यांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाने चार दिवस लाईट गेली, आणि खरं सांगायचं तर आळस. असो.

आज लिहायला कारण झालं आमच्या पुण्याच्या पुतण्याचा फोन. (तो हे वाचणार आहे, म्हणून जपून लिहिते.) २०१३ च्या कंपनी कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, त्यातलं थोडं आपल्या गावाकडे वळवावं असं त्याच्या मनात आहे. मन चांगलं आहे पोराचं. म्हणाला, "काकू, तुमच्या मुलींना टॅब देऊ या. शाळा सुटल्यावर घरी बसून शिकतील. सगळा अभ्यासक्रम आत भरलेला असतो." मी म्हटलं, विचार करून सांगते. फोनवर मला मुद्द्याचं बोलता येत नाही, त्यामुळे इथे सांगते.

"माझ्या मुली" म्हणजे सहावी ते आठवीच्या अकरा जणी. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या ओसरीवर रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा येतात. शेजारची सूनबाई बी.एड. आहे, घरीच असते. गणित ती घेते. मी जुनी मराठी माध्यमाची बी.ए., अपूर्णांक म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो. मी वाचन घेते, पत्र लिहायला शिकवते, एस.टी.चं वेळापत्रक आणि बँकेची स्लिप भरायला शिकवते. बाकी गप्पा. अकरापैकी सहा जणींचे आईबाप ऊसतोडीला जातात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचा जिल्हा म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. (हाताला अजून जुनंच नाव लिहायची सवय आहे.) २०१८ साली केंद्राने देशभरातले मागासलेले जिल्हे निवडले, त्यांना 'आकांक्षित जिल्हे' असं गोड नाव दिलं. महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आम्ही. कळंब, वाशी, भूम, परंडा हा भाग बीडला लागून. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो, टोळी गाडीत बसते, आणि घरात राहतात म्हातारी माणसं. तोडीला नवराबायकोची जोडी लागते, तिला एक कोयता म्हणतात. मग तेरा वर्षांच्या मुलीचं काय करायचं? बरोबर न्यावी तर ती कोपीवर धाकटी भावंडं सांभाळणार आणि भाकरी थापणार. मागे ठेवावी तर, एका बापाने मला सरळ विचारलं, "बाई, तुमचं समदं खरंय. पर सहा महिने लेक कुणाच्या भरवशावर ठेवू?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्न हे त्याला सापडलेलं उत्तर असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं, आणि आमच्या शेजारच्या बीडमध्ये ४३.७. कायदा आहे, ग्रामसेवकालाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केलेलं आहे, १०९८ नंबर भिंतीवर रंगवलेला आहे. नंबर फिरवणारं कुणी लागतं ना.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला अधिकार नाही.

१९८७ साल. मी ज्या शाळेत होते तिथे सातवीच्या शिष्यवृत्तीचा जादा तास शाळा सुटल्यावर मी घेत असे, आणि त्याचा मला अभिमानही फार होता. वर्गात एक मुलगी होती. गणितात सगळ्या मुलांच्या पुढे. ती तासाला यायची ते कडेवर वर्ष-दीड वर्षाचा भाऊ घेऊन. तो रडायचा, खडू खायचा, एकदा फळ्यापाशी शूही केली. इतर पोरं हसली. मी तिला म्हटलं, "उद्यापासून लेकराला घेऊन यायचं नाही. यायचं तर एकटीनं ये." ती "बरं बाई" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मी घरी जाऊन विचारलंसुद्धा नाही. तिला अभ्यासाची गोडी राहिली नाही, असं मी हजेरीपट मिटताना मनाशी ठरवून टाकलं. सातवीनंतर तिचं लग्न झालं.

२०१८ साली तुळजापूरच्या स्टँडवर एक बाई माझ्या पाया पडली. मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं. चाळिशी उलटलेली, बरोबर नात होती. इकडचं तिकडचं झालं आणि ती हसत म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणलावता ना लेकरू आणू नको. मग माय म्हणली, तूबी जाऊ नको." तिच्या बोलण्यात राग नव्हता. गाडी लागली, ती गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ओसरीवरचा तास त्यानंतर महिन्याभरात सुरू झाला, आणि त्याचा पहिला नियम असा की लेकरू चालतं. आज एका चटईवर तीन-चार धाकटी असतात. एकीचा भाऊ पाढे ऐकून ऐकून बाराचा पाढा म्हणतो, अजून अंगणवाडीत आहे तो.

आता टॅबचं. बाळा, टॅब वाईट नाही. पण तो घरी गेला की कुणाच्या हातात राहील? भावाच्या. आणि मुलीला घरी बसून शिकता येईल हे तू पुण्यात बसून म्हणतोस. घरी बसायला मिळत नाही हाच तर तिचा मुद्दा आहे. घरात ती दिसली की हंडा दिसतो, केर दिसतो, चूल दिसते. मुलीला घराबाहेरचा एक तास लागतो, आणि तो गावाला मान्य असावा लागतो. एरवी "कुठं गेलतीस?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं. आता असतं, "बाईंकडं".

दुसरा प्रकारही आम्ही पाहिला आहे. मागे एका संस्थेची माणसं आली होती, नाव घेत नाही. दोन दिवसांचं 'सक्षमीकरण' शिबिर. टोप्या वाटल्या, फलक लावला, मुलींकडून घोषणा म्हणवून घेतल्या, फोटो काढले. मुलींना मजा आली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी टोप्या शेळ्यांच्या डोक्यावर होत्या. मुलींना 'तू कर, तुला येतं' असं नुसतं सांगून काही होत नाही. सूनबाईने आठ दिवस डोकं खाऊन एकीला भागाकार शिकवला, त्या संध्याकाळी ती पोर ज्या चालीने घरी गेली ती चाल मी पाहिली आहे.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. आपल्याच मराठवाड्यात, पैठण तालुक्यातल्या पाचोडला, डॉ. अशोक दयालचंद यांच्या आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे मोजूनमापून केलं. बारा ते अठरा वयाच्या अविवाहित मुली, शाळा सुटलेल्या आणि मजुरी करणाऱ्याही. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर, एकूण २२५ तास. शिकवायला गावातलीच बाई, सातवी शिकलेली असली तरी चालेल. आरोग्य, आहार, कायदा, ग्रामपंचायत कशी चालते असे विषय. आणि आईबापांना आधीपासून विश्वासात घेतलेलं. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एकच वर्ष, असं म्हणू नका. सोळा आणि सतरा यांच्यामध्ये दहावीचा निकाल असतो, अंगात थोडं रक्त भरतं, आणि "नाही" म्हणायला तोंड उघडतं.

मला त्यातलं सगळ्यात काय पटतं सांगू? ते २२५. मुलीला उद्याही कुणीतरी वाट पाहतंय हे माहीत असणं. १९९३ च्या भूकंपानंतर मी काही महिने लोहारा भागात पत्र्याच्या शेडमधल्या शाळेवर होते. फळा नव्हता, पुस्तकं ढिगाऱ्यात गेलेली. शाळा सुटली तरी मुली घरी जायच्या नाहीत, कारण घर म्हणजे दुसरी पत्र्याची शेड. मी नुसती बसून राहायचे आणि त्या माझ्याभोवती बसायच्या. काही शिकवल्याचं आठवत नाही. पण पटावरच्या मुली वर्षअखेर टिकल्या होत्या.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. मुलींना बारावीपर्यंत फी नाही. मानव विकासच्या निळ्या गाड्यांनी कितीतरी मुलींना हायस्कूलपर्यंत पोचवलं आहे. ऊसतोडीच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात, चांगली चालली तर सोनं आहे. पण १९९२ साली दुर्बल घटकातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, आणि तीस वर्षांनीही तो एकच रुपया होता. तेव्हा त्यात वही तरी येत होती. आणि शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतच्या वेळेचं काय, तर त्याचा विचार कुठल्या फायलीत मला दिसला नाही. ग्रामपंचायतीने उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून गावातल्या एका शिकलेल्या सुनेला महिन्याचं मानधन, एक दिवा आणि एक चटई सहज निघेल. आमच्या सरपंचबाईंना मी हे दोनदा बोलले. त्या "बघू" म्हणाल्या. तिसऱ्यांदा जाणार आहे.

माझी ओसरी म्हणजे काही फार मोठं यश नव्हे, हेही सांगते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तासही बंद पडला. पुन्हा बसलो तेव्हा दोघी कमी होत्या. एकीला मामाच्या गावी पाठवली होती, ती पुढे परत आली. दुसरीचं लग्न अंगणात पंधरा माणसांत उरकलं होतं. मला कळलं तेव्हा हळद उतरलेली. तिने कुणाला सांगितलं असतं? तास चालू असता तर मला सांगितलं असतं, असं मी धरून चालते. नक्की माहीत नाही.

तर बाळा, पैसे द्यायचेच असतील तर सूनबाईला महिन्याचं मानधन दे, निदान तीन वर्षांसाठी, आणि लेखी दे. ती फुकट करते म्हणून तिच्या सासूचं तोंड रोज ऐकते. पगार आला की तोंड बंद होईल. शेजारच्या दोन गावांत तशाच दोघी मी हेरून ठेवल्या आहेत, त्यांचंही बघ. दिव्यासाठी एक बॅटरी हवी आहे, थंडीत सहालाच अंधार होतो. आणि खेळणी आण थोडी, चटईवरच्या पार्टीसाठी. टॅब एक आण हवा तर, सगळ्यांत मिळून. माझ्या कपाटात राहील.

पाच वाजून गेले. आज नळाला पाणी आलं आहे, म्हणजे निम्म्या जणी उशिरा येणार. ओसरी झाडून घेते.