उसाची नोंद होते, खेळाडूची का नाही? : प्रवराकाठचा एक धागा

१/ प्रवराकाठच्या शेतकऱ्याने ऊस लावला की कारखान्याच्या गट कार्यालयात त्याची नोंद होते. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, आडसाली की सुरू, लागण की खोडवा. तोडणीला अजून वर्ष-दीड वर्ष असते, तरी शेतकी विभागाला कोणत्या शिवारात काय उभे आहे ते ठाऊक असते. त्याच शिवारातल्या शाळेत चौदा वर्षांचा एखादा विलक्षण बचावपटू उभा असेल, तर तो पाच-सहा किलोमीटरवरच्या महाविद्यालयाला कळण्याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. ही विसंगती कुठून आली, याचा हा धागा.

२/ कोल्हार भगवतीपूर हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील गाव. नगर-मनमाड रस्ता येथे प्रवरा ओलांडतो. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी खाली आले आणि या पट्ट्यात ऊस स्थिरावला. शेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. आज कोल्हारमध्ये शाळा आहेत आणि पदवीचे महाविद्यालयही आहे. म्हणजे लहान वयातल्या खेळाडूला घराजवळच पुढे नेण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी येथे आहेत. नाही तो मधला दुवा.

३/ हा दुवा नसण्याचे कारण गावात नाही, इतिहासात आहे. भारतात विद्यापीठांचा खेळ आणि शाळांचा खेळ दोन वेगळ्या घरांत वाढला. विद्यापीठांचे आंतरविद्यापीठ मंडळ १९२५ चे. त्याच्या छत्राखाली १९३५ मध्ये क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक आणि १९४१ मध्ये फुटबॉलचा सर आशुतोष मुखर्जी करंडक सुरू झाला. शालेय क्रीडा महासंघ १९५४ चा. शाळांसाठीची सुब्रतो चषक फुटबॉल स्पर्धा १९६० ची, तीही हवाई दलाने सुरू केलेली. कबड्डीची गंमत अशी की तिला विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने १९६१ मध्ये स्वीकारले आणि शालेय महासंघाने त्यानंतर, १९६२ मध्ये. मुलांचा खेळ आधी पदवीधरांना मिळाला आणि मग मुलांना.

४/ वेगळी मंडळे, वेगळे नियम, वेगळी वेळापत्रके. दोन शिड्या शेजारी उभ्या राहिल्या. एकीच्या शेवटच्या पायरीवरून दुसरीच्या पहिल्या पायरीवर पाय कसा ठेवायचा, हे कोणाचेच काम ठरले नाही.

५/ सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध आला आणि गुंता वाढला. अकरावी-बारावीचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या इमारतीत बसू लागला, पण मैदानावर तो राहिला शालेयच. आजही शासनाच्या स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा मुलगा एकोणीस वर्षांखालील ‘शालेय’ गटात खेळतो. विद्यापीठाच्या संघाचे दार उघडते ते पदवीच्या पहिल्या वर्षाला. ही मधली दोन वर्षे मोठ्या गळतीची आहेत.

६/ गळती कुठे कुठे होते? काही मुले त्याआधीच जातात. राज्याने १९९६ पासून निवासी क्रीडा प्रबोधिनी चालवल्या. तेथे लहान वयातच चाचण्या घेऊन निवड होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतून पुढे गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. हे चांगलेच झाले. परंतु प्रबोधिनीच्या जागा मोजक्या. प्रश्न मागे राहिलेल्यांचा आहे. दहावीनंतर कोणी तंत्रनिकेतनात जातो, कोणी प्रवेश परीक्षांच्या शिकवणीला. आणि ज्याचे पाय खरोखर चपळ आहेत तो भरतीच्या तयारीला लागतो. पोलीस भरती आणि सैन्य भरती यांच्या मैदानी चाचणीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले पाहिली की महाविद्यालयाचा संघ कोणाशी स्पर्धा करतो आहे ते कळते. तो पुण्याच्या महाविद्यालयाशी नंतर, आधी खाकी वर्दीशी स्पर्धा करतो. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. वर्दीला पगार आहे. विद्यापीठाच्या संघाला प्रमाणपत्र.

७/ मुलींची गोष्ट आणखी कठीण. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. विद्यापीठाचा खेळ जिथे सुरू होतो, नेमका तिथे हा पास संपतो. त्यात सराव संध्याकाळचा आणि परतीची गाडी ठरावीक वेळेची. शालेय स्पर्धांत दिसलेली कबड्डीपटू पदवीच्या संघात का दिसत नाही, याचे उत्तर अनेकदा मैदानावर शोधले जाते. ते बसस्थानकावर असते.

८/ प्रवरेच्या परिसरात गुणवत्ताच नाही, असे म्हणणाऱ्याने दोन नावे आठवावीत. शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान शाळा तेथेच शिकला, सतराव्या वर्षी मुंबईला गेला, प्रथम श्रेणीत पहिल्यांदा खेळला तो बडोद्याकडून, आणि कसोटीत ३११ बळी घेऊन थांबला. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे घडला डोंबिवली-मुंबईत. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. दोघांच्याही घडणीत येथील कोणत्याही महाविद्यालयाचा वाटा नाही. क्रिकेटमध्ये मुंबईला जाणे समजण्यासारखे आहे. पण कबड्डी, खो-खो, फुटबॉल यांनाही गाव सोडावेच लागावे, हे पटणारे नाही.

९/ कोल्हापूरची तुलना येथे उपयोगी पडते. तेथे तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आहेत, पेठेची निष्ठा आहे, १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे आणि हंगामाआधी संघवार खेळाडू नोंदणी होते. कोण कोणाकडून खेळतो हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असते. उत्तर नगरमध्ये अशी फुटबॉल परंपरा नाही. नगरला लष्करी छावणी असूनही तो खेळ खेड्यांत तसा झिरपला नाही. म्हणून कोल्हारची नक्कल कोल्हापुरातून करता येणार नाही. नोंदीची सवय मात्र उसने घेण्याजोगी आहे, आणि ती तर कारखान्याकडे घरचीच आहे.

१०/ आता धोक्याची बाजू. महाविद्यालयांनी शाळकरी खेळाडू हेरण्याचा उद्योग सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला, त्यांच्या त्या हाताने खेळायच्या ‘फुटबॉल’साठी. ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळला त्याच आठवड्यात, कार्नेगी प्रतिष्ठानचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक संस्था पाहून त्यात लिहिले होते की खेळाडूंना आमिषे, छुपी वेतने आणि नावापुरत्या नोकऱ्या सर्रास दिल्या जातात. दशकानुदशके नियम झाले, मोडले, पुन्हा झाले. अखेर २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर उघडपणे पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. नव्वद वर्षे जे लपवले ते शेवटी मान्य करावे लागले.

११/ आपल्याकडची विकृती वेगळी आहे, कारण आपल्याकडे चलन वेगळे आहे. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. हेतू उत्तम, परंतु प्रमाणपत्राला किंमत आली आणि मागोमाग बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही आली. तेव्हा ‘शाळेतून खेळाडू आणा’ एवढेच सांगून भागत नाही. खेळाडू आणायचा तर त्याला काय देणार, हे आधी सांगावे लागते. प्रमाणपत्र एवढेच उत्तर असेल, तर प्रमाणपत्र मिळताच तो मैदान सोडेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

१२/ येथे उसाचाच इतिहास पुन्हा कामाला येतो. एके काळी झोनबंदी होती : ज्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात ऊस, त्यालाच तो घालायचा. बंदी उठल्यावर शेतकरी चांगल्या भावाकडे वळू लागला आणि कारखान्यांना वेळेवर तोड आणि वेळेवर पैसे देऊन सभासद टिकवावा लागला. ग्रामीण महाविद्यालयाची स्थिती तीच आहे, फक्त ती अजून मान्य झालेली नाही. दहावी झालेला मुलगा कोणत्याही कार्यक्षेत्राचा सभासद नाही. ‘आपल्या भागातला आहे, येईलच’ हा विश्वास झोनबंदीच्या काळातला आहे.

१३/ यावर एक आक्षेप हमखास येतो. छोट्या महाविद्यालयाने मुलगा घडवायचा आणि दोन वर्षांनी पुण्याने न्यायचा, मग कष्ट कशाला? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे, नाशिक आणि नगर असे तीन जिल्हे येतात, त्यामुळे नगरचा खेळाडू पुण्याच्या खेळाडूशेजारीच विद्यापीठाच्या निवडीला उभा राहतो. तेथे तो कोल्हारच्या नावाने उभा राहिला, तर पुढे कुठेही गेला तरी मागच्या वर्गातल्या मुलांना वाट दिसते. शिवाय सगळे जात नाहीत. ज्यांना घर, शेती किंवा धाकटी भावंडे सोडता येत नाहीत, त्यांच्यासाठी जवळचे महाविद्यालय हाच एकमेव संघ असतो. आक्षेप घेणारे जाणाऱ्यांना मोजतात. राहणाऱ्यांना मोजत नाहीत.

१४/ करण्यासारखे काम फार मोठे नाही. तालुक्याच्या शालेय स्पर्धा गळीत हंगामाच्या आधीच सुरू होतात. महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी त्या काठावर बसून पाहाव्यात, शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी बोलावे आणि सतरा वर्षांखालील गटापासून वही ठेवावी. पालकांना भेटताना पदकाचे बोलू नये. वसतिगृह, जेवण, परीक्षा बुडाली तर काय, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, हे बोलावे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला मैदान नाकारू नये, सकाळी तेच मैदान द्यावे. आणि वहीत नाव, शाळा, जन्मवर्ष, खेळ यांच्यापुढे एक रकाना आणखी आखावा : गावाला जाणारी शेवटची एसटी किती वाजता.