पुडीत काय आहे, हे विचारणं बेअदबी नाही

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका खालांचे गुडघे अचानक बरे झाले. एका हकीमसाहेबांनी दिलेल्या तपकिरी चूर्णाच्या पुड्या चालू होत्या. आठ दिवसांत खाला जिना चढू लागल्या. तीन महिन्यांनी चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली. डॉक्टरांनी पाहताच विचारलं, "यात स्टिरॉइड तर नाही ना?" पुडीवर ना नाव, ना परवाना क्रमांक. मुलगा उरलेल्या पुड्या घेऊन कोल्हापुरात चार ठिकाणी हिंडला. कुणीच तपासून दिल्या नाहीत. त्यात काय होतं, ते आजही माहीत नाही.

हे बोललं की लोक म्हणतात, "जडीबुटी आहे, नुकसान काय होणार?"

ब्रसेल्समध्ये काय झालं ते पाहा. १९९० च्या सुमारास तिथल्या एका दवाखान्यात वजन कमी करायला चिनी वनस्पतींची भुकटी देऊ लागले. द्यायची होती 'हान फांगजी', आली 'ग्वांग फांगजी'. नाव जवळजवळ तेच, वनस्पती मात्र वेगळी. दुसरीतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लानं शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. कित्येकींवर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडची सापसन आणि युनानीतलं जरावंद त्याच घराण्यातले आहेत.

नावाचा घोळ आपल्याकडेही आहेच. औषधाचा अशोक म्हणजे केशरी फुलांचा सीताअशोक. बंगल्यांच्या कुंपणाला उभा असतो तो उंच, सरळ अशोक निराळाच. पण साल वाळवून कुटली की दोन्ही सारखीच दिसतात, आणि बाजारात एकीच्या नावावर दुसरी खपते.

डोळ्यांना न दिसणारा हा फरक प्रयोगशाळेत दिसतो. चूर्णाच्या अर्काचा थेंब सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर ठेवतात. द्रावण वर चढताना त्यातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. शेजारी अस्सल नमुन्याचा थेंब ठेवला की खरं-खोटं कळू लागतं. मिसळलेलं स्टिरॉइडही असंच पकडता येतं. शिसं, पारा यांसाठी वेगळी यंत्रं आहेत.

अशी तपासणी मागणं म्हणजे युनानीवर अविश्वास, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. फसवणारा आपल्यातला नाही, असं त्यांनी त्या व्यापाऱ्याला बजावलं. रास वरून चांगलीच दिसत होती, तरी त्यांनी हात आत घातला. पुढे इस्लामी शहरांत मुहतसिब अत्तारांच्या दुकानांतली भेसळ तपासत. आपल्याकडे हकीम अजमल खान यांनी रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमां सिद्दिकींना दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनाला आणलं. हकीमसाहेबांच्या पश्चात, १९३१ साली, सिद्दिकींनी सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं अजमलीन. रसायनशास्त्राची भीती त्या हकीमसाहेबांना वाटली नव्हती.

अडचण कायद्यातही आहे. १९४० च्या औषध कायद्याचं कलम २६ ग्राहकाला हक्क देतं: विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्या. पण हे कलम ज्या प्रकरणात आहे, ते आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांना लागू नाही. त्यांच्या स्वतंत्र प्रकरणात निरीक्षक आणि विश्लेषक आहेत, ग्राहकाचा हा हक्क नाही. म्हणजे ॲलोपॅथीची गोळी खाणाऱ्याला जो अधिकार आहे, तो खालांना नाही.

माझी मागणी एवढीच आहे: हा हक्क आमच्या औषधांनाही द्या, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नमुना स्वीकारण्याची सोय करा. यासाठी सर्वांत आधी युनानी आणि आयुर्वेदाच्या प्रामाणिक चिकित्सकांनीच आवाज उठवायला हवा. बनावट पुडीनं बदनामी त्यांचीच होते.

तोवर बिननावाची पुडी घेऊ नका. घेत असाल तर एकदम बंदही करू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर तसं करणं जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि हकीमसाहेबांना अदबीनं विचारा, "यात काय आहे?" खरा हकीम या प्रश्नानं रागावणार नाही.