छापून देणारे खूप, वाचून देणारं कोण?

तीन वर्षं खपून कादंबरी लिहिली. ४१२ पानं. गेल्या वर्षी एका प्रकाशकाकडे गेलो. त्यांनी पानं मोजली, प्रती किती काढायच्या ते ठरवलं, मी किती पैसे भरायचे तेही सांगितलं. आत काय लिहिलंय, ते मात्र विचारलं नाही.

बाड परत घेऊन आलो. शेवटी डोंबिवलीत आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना वाचायला दिलं. तीन आठवड्यांनी त्यांनी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "अरे, तुझी गोष्ट ५८व्या पानावर सुरू होते. त्याआधीचं तू स्वतःसाठी लिहिलंयस."

त्या ५७ पानांत माझे वडील होते, त्यांची गिरणी होती, १९८२चा संप होता. दोन दिवस राग गेला नाही. मग लोकलमध्ये बसून पुन्हा वाचलं. बाईंचं बरोबर होतं. संपाच्या काळातही वडील सवयीने डबा भरून घ्यायचे, तेवढं एक पान ठेवलं. बाकी काढलं. आता ते एक पान जास्त बोलतं.

हे काम पूर्वी संपादक करायचे. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकाला पत्रं लिहून काय खटकतं ते कळवायचे, पुन्हा लिहायला लावायचे. त्यांच्या पसंतीवर टीकाही झाली. पण निदान कुणीतरी वाचत होतं. आज छोट्या प्रकाशकाला पगारी संपादक परवडत नाही, हे मान्य. मग काय, वाचकाने लेखकाचा कच्चा खर्डा विकत घ्यायचा?

आपल्याकडे कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून. साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात झालं, २०१७ साली डोंबिवलीत. मंडप, दिंडी, सत्कार सगळं झालं. आता एवढंच करा: महिन्यातला एक रविवार, वाचनालयाची एक खोली, नव्या लेखकाची तीस पानं आणि हातात पेन्सिल घेतलेले चार जाणते वाचक. त्यांचं मानधन महापालिकेने द्यावं. मंडपाच्या खर्चापुढे ते किरकोळच असेल.

बाईंनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. पण प्रत्येकाच्या सोसायटीत अशा बाई नसतात.