‘हेलिकॉप्टर सुरक्षित आहे’ एवढं सांगून कामगाराचा भरवसा बसतो का?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात ‘मुंबई हाय’चं तेलक्षेत्र आहे. तिथं ड्युटीवर जाणारी बरीच माणसं जुहूवरून हेलिकॉप्टरनं जातात. ठेकेदाराकडं लागलेली, आयटीआय झालेली गावाकडची पोरंही त्यात असतात. पोरगं पोचल्याचा फोन येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला असतो.

ही भीती उगाच नाही. १३ जानेवारी २०१८ ला जुहूवरून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. ओएनजीसीचे ५ अधिकारी आणि २ वैमानिक, सगळेच गेले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ ९ जणांना घेऊन जाणारं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं, चौघे दगावले.

अपघात झाला की चौकशी लागते, भरपाई जाहीर होते आणि फेऱ्या परत सुरू होतात. पण मनातल्या धास्तीचं काय?

याचा धडा युरोपातल्या उत्तर समुद्रात मिळतो. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेजवळ ‘सुपर प्यूमा’ जातीच्या हेलिकॉप्टरचा वरचा पंखाच हवेत निखळला. १३ जण ठार झाले. गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकाला आतून तडा गेला होता. याच जातीच्या हेलिकॉप्टरला स्कॉटलंडजवळ २००९ मध्ये असाच अपघात होऊन १६ जण गेले होते. मग कामगार कसा विश्वास ठेवणार? जुलै २०१७ मध्ये ब्रिटन आणि नॉर्वेनं बंदी उठवली, तरी कामगार त्यात बसायला राजी नव्हते. तेल कंपन्यांनीही दुसरी हेलिकॉप्टरं धरली. कागदावर शिक्का बसला, मनात नाही बसला.

भरवसा वाढतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या बदलांनी. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पंखा वर असतो, त्यामुळं पाण्यात पडलं की ते लगेच उलटं होतं. म्हणून ब्रिटनमध्ये २०१४ पासून नियम कडक झाले. समुद्र फार खवळलेला असेल तर उड्डाण बंद. पाण्याखाली श्वास घेता येईल असं साधन प्रवाशाच्या अंगावर. आणि अंगानं रुंद माणसाला, तो बाहेर पडू शकेल अशा मोठ्या खिडकीजवळच जागा.

आपल्याकडं कामगारानं हेच प्रश्न विचारले पाहिजेत. मागच्या अपघाताचं कारण काय निघालं, ते मराठी-हिंदीत कुणी समजावलं का? बुडत्या हेलिकॉप्टरातून बाहेर पडायचं ट्रेनिंग ठेकेदाराच्या माणसालाही कायम नोकरीवाल्यासारखंच मिळतं का? आणि ‘आज हवा बरी वाटत नाही, मी जात नाही’ असं म्हटलं तर त्याची रोजी जाते का?

एसटीचा टायर गुळगुळीत दिसला तर आपण खाली उतरून डेपोत विचारतो. समुद्रावर जाणाऱ्याला तर अर्ध्या वाटेत उतरताही येत नाही. म्हणून त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळायला हवं ते हेलिकॉप्टरात चढायच्या आधी.